परत फिरायची वेळ आली तर कोण फिरणार?

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी नाशिकची, वय ५८, बँकेतून नुकतीच निवृत्त झाले. आमची मुलगी न्यू जर्सीत असते. पुढच्या जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत आणि तिथून तिने दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाचा घाट घातलाय. इंका ट्रेल, म्हणजे इंका लोकांच्या जुन्या दगडी वाटेने चार दिवस चालत माचू पिचू, त्यांचं डोंगरावरचं जुनं शहर. परमिटं सुटली आहेत, आठवड्याभरात दोघांचे पासपोर्ट नंबर पाठवा म्हणून ती मागे लागली आहे.

ह्यांचं वय ६३. कॉलेजपासून सह्याद्रीत फिरलेले, बागलाणातला एकही किल्ला सोडलेला नाही. पण दोन वर्षांपासून उजवा गुडघा त्रास देतो, उतरताना जास्त. बीपीची गोळी चालू आहे. काही बोललं की 'मला कसली उंची बाधतेय' म्हणतात. सामानाला माणूस लावू म्हटलं तर चिडतात, स्वतःची सॅक स्वतःच उचलणार म्हणे. मी कधी मोठा ट्रेक केलेला नाही. रोज सकाळी तासभर चालते, ब्रह्मगिरी चढलेय, इतकंच. ह्यांचा पासपोर्ट पुढच्या ऑगस्टमध्ये संपतो, ते एक वेगळंच. शिवाय आम्ही शुद्ध शाकाहारी.

ह्यांना सोडून जाता येत नाही आणि नेलं तर जिवाला घोर. लेकीला नाही म्हणून टाकू का? मला मात्र जायचंय. (कृपया नाव छापू नये.)

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्रातल्या बहुतेक ओळी यजमानांबद्दल आहेत, आणि 'मला मात्र जायचंय' ही तेवढी तुमच्याबद्दल. माझं उत्तर त्या ओळीला आहे. लेकीला नाही म्हणू नका. तुम्ही जा, चारही दिवस चाला. यजमानांनाही पेरूला न्या, माचू पिचूही बघू द्या, पण चार दिवसांच्या परमिटवर त्यांचं नाव घालू नका. त्यांच्यासाठी त्याच वाटेचा शेवटचा, एका दिवसाचा तुकडा आहे. तो कसा ते पुढे सांगते. आधी असं का म्हणतेय ते बघा, कारण 'कुठल्याशा सदरात लिहिलंय' एवढ्यावर तुमचे 'हे' काही ऐकायचे नाहीत.

कुस्को शहराकडून माचू पिचूकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ८२ व्या किलोमीटरला ही वाट सुरू होते. लांबी सुमारे ४२ किलोमीटर. आकडा ऐकून यजमान हसतील, आणि चार दिवसांत ४२ किलोमीटर हे खरोखरच फार नाही. अडचण अंतराची नाहीच. पहिला दिवस नदीच्या काठाकाठाने जातो, मुक्काम बहुधा वायाबांबाजवळ, ३००० मीटरवर. दुसऱ्या दिवशी सकाळी जो चढ सुरू होतो तो थेट ४२१५ मीटरवरच्या वार्मिवान्युस्का खिंडीत नेतो. एका दिवसात बाराशे मीटर चढाई, तीही हवा विरळ होत असताना. खिंडीत फोटो काढून होतात न होतात तोच सहाशे मीटर खाली, पाकायमायोच्या तळावर. तिसऱ्या दिवशी आणखी दोन खिंडी आणि शेवटच्या खिंडीनंतर साधारण हजार मीटरचा उतार.

उतार म्हणजे आपल्याकडच्यासारखी मुरमाची पायवाट नव्हे. इंकांनी रचलेल्या दगडी पायऱ्या आहेत. एक पायरी वीतभर, पुढची जवळजवळ गुडघ्याइतकी, तिच्यापुढची इतकी अरुंद की पाऊल आडवं ठेवावं लागतं. त्यामुळे पायांना लय सापडत नाही. पुढचा पाय किती खाली जाणार हे दर वेळी नव्याने बघावं लागतं. सावलीतल्या दगडांवर शेवाळ असतं. तिशीतली धडधाकट मुलंसुद्धा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तंबूत शिरताना 'आई गं' म्हणत वाकतात. चढावरचा दम पाच मिनिटं टेकलं की जातो. उतारावर सुजलेला गुडघा टेकून बरा होत नाही, आणि यजमानांना त्रास नेमका उतरतानाच होतो असं तुम्हीच लिहिलंय.

वाटेत कुठेही गाडीरस्ता नाही. खेचरं-घोड्यांना इथे बंदी आहे, सगळं सामान माणसांच्या पाठीवरून जातं. खिंड ओलांडल्यावर मागे फिरायचं तर पुन्हा तीच खिंड चढायची, पुढे जायचं तर त्या पायऱ्या उतरायच्या. त्यातल्या त्यात सोयीने माघार घेण्याची शेवटची संधी म्हणजे दुसऱ्या दिवसाची सकाळ.

आता ती सकाळ डोळ्यांपुढे आणा. यजमानांचा गुडघा ठणकतोय, किंवा डोकं धरलंय आणि चहाही पोटात ठरत नाही. गाईड म्हणतो, यांनी खाली जायला हवं. तो सोबत एखादा मदतनीस देईल. पण घरचं माणूस कोण जाणार? लेक म्हणेल, आई, मी जाते. तुम्ही तिला जाऊ द्याल? तुमचं पत्र वाचल्यावर मला तरी शंका नाही. तुम्हीच काठी उचलाल, ह्यांच्या मागोमाग उतरायला लागाल आणि वर लेकीला सांगाल की मला तसंही फार काही नव्हतं. बरं, परमिट त्या तारखेचं आणि तुमच्या नावाचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊ, असं तिथे चालत नाही.

म्हणून दोघांनी दोन वाटांनी जायचं.

वाटेतल्या ओयांतायतांबो गावाहून सुटणारी रेल्वेगाडी १०४ व्या किलोमीटरला ट्रेकर्सना उतरवते. तिथून पूल ओलांडला की चाचाबांबाचे अवशेष लागतात आणि वाट डोंगराच्या कडेकडेने विन्याय वायना या दुसऱ्या अवशेषांकडे चढते. हा एक दिवसाचा ट्रेक, दहा-बारा किलोमीटर, सहा-सात तास. मुख्य म्हणजे सुमारे २१०० मीटरवर सुरू होतो आणि कुठेही २७५० मीटरच्या फारसा वर जात नाही. जास्त करून चढ आहे. उतार शेवटी, इंतिपुंकू म्हणजे सूर्यद्वारापासून माचू पिचूपर्यंत, आणि तो फरसबंदीचा, बराच सौम्य आहे. त्यानंतर बसने खाली आग्वास कालिएंतेस गावात जायचं आणि हॉटेलात झोपायचं. तंबू नाही. यालाही परमिट आणि गाईड लागतो, त्यामुळे लेकीने दोन्ही बुकिंगं एकाच कंपनीकडे करावीत.

तारखा अशा जुळवायच्या. तुम्ही दोघी ज्या दिवशी ८२ वरून निघाल त्याच्या तिसऱ्या दिवशी यजमान १०४ वरून निघतील. त्या रात्री ते हॉटेलात असतील आणि तुम्ही विन्याय वायनाच्या तळावर. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही सूर्यद्वारातून उतराल, ते बसने वर येतील. माचू पिचूत आता वेळ आणि आतला मार्ग तिकिटावर ठरलेला असतो, उलट दिशेने फिरू देत नाहीत. त्यामुळे भेट फाटकाबाहेर की आत, किती वाजता, आणि यजमानांचं दुसऱ्या दिवसाचं तिकीट धरलंय ना, हे कंपनीकडून लेखी घ्या. फोनवरच्या 'नो प्रॉब्लेम'वर विसंबू नका.

मधले दोन दिवस ते एकटे काय करणार? ताई, बागलाणचे किल्ले पालथे घातलेल्या माणसाला ओयांतायतांबोत सोडा आणि बिनघोर जा. गावाच्या डोक्यावर डोंगर कापून काढलेल्या दगडी पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचा प्रचंड उतार आहे. १५३७ साली मांको इंका या इंका राजाने तिथूनच हेर्नांदो पिझारोच्या स्पॅनिश घोडदळाला मागे रेटलं. खालच्या मैदानात नदीचं पाणी सोडून दिलं, घोडे चिखलात अडकले. यजमानांना हे सांगून बघा, ते लगेच नकाशा मागतील. वर सूर्यमंदिराच्या सहा अजस्र शिळा उभ्या आहेत. त्यांची खाण नदीपलीकडच्या डोंगरात, समोर दिसते. चाकाची गाडी नाही, लोखंड नाही, आणि ते धोंडे आधी दरीत उतरवून, नदी ओलांडून, पुन्हा वर चढवलेत. मधेच सोडून दिलेले काही दगड अजून वाटेवर पडलेले आहेत. खालचं गाव इंकांनी आखलेल्या गल्ल्यांमध्येच वसलंय, आणि गल्लीच्या कडेने दगडी पाटातून पाणी अजून वाहतं. आपल्याकडे किल्ल्यावर गेलं की आधी टाकं कुठे म्हणून विचारतो ना, तसं इथे पाणी कुठून आणलं, कुठे वळवलं, एवढंच बघत फिरलं तरी दोन दिवस पुरत नाहीत. खरं सांगायचं तर माचू पिचूच्या गर्दीपेक्षा मला ओयांतायतांबोची सकाळ जास्त आवडते. पण हे लेकीला सांगू नका.

घरी विषय कसा काढायचा? 'तुम्हाला झेपणार नाही' हे वाक्य अजिबात नको; त्यानंतरचं काहीच त्यांच्या कानात शिरणार नाही. गुडघ्यापासून सुरुवात नको, बीपीपासूनही नको. सरळ सांगा, 'मला जायचंय, आणि अर्ध्यातून परत यायचं नाहीये.' बोलणं त्यांच्या तब्येतीवर गेलं की तुमच्या इच्छेवर परत आणा. ते रागावतील, एखादी संध्याकाळ अबोल्यात जाईल. जाऊ द्या.

अडूनच बसले तर वाद घालू नका. येत्या शनिवारी साल्हेर आणि रविवारी मुल्हेर, दोन्ही पाठोपाठ, पाठीवर त्यांची ती लाडकी सॅक. सोमवारी सकाळी गुडघा बघायचा. सूज नाही, जिना उतरताना कठड्याचा आधार लागत नाही, आणि हाडांचे डॉक्टर व फिजिशियन दोघंही हो म्हणतात, तर मी माझा शब्द मागे घेते. यातलं एक जरी बिनसलं तर १०४ वा किलोमीटर. पासपोर्ट नंबर द्यायच्या मुदतीआधी ही परीक्षा उरकते.

आता उंचीचं. हे तुम्हा दोघांसाठी आहे आणि इथे सह्याद्रीतला अनुभव उपयोगाचा नाही. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. कुस्कोच्या विमानतळावर उतरता तेव्हाच तुम्ही ३४०० मीटरवर, त्याच्या दुपटीहून वर असता, आणि ती खिंड म्हणजे अडीच कळसूबाया. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साठेक टक्केच असतो. माणूस किती तगडा आहे याचा आणि उंची बाधण्याचा फारसा संबंध नाही. उलट तगडी माणसं पहिल्या दिवशी भराभर चढतात आणि दुसऱ्या दिवशी आडवी होतात. कधी लेहला गेला असाल तर पहिले दोन दिवस कसे गेले ते आठवा. लेह आणि कुस्को यांच्या उंचीत फक्त शंभरेक मीटरचा फरक आहे.

उपाय मुख्यतः वेळ देण्याचा. लिमाहून विमानाने कुस्कोला उतरलात की तिथे थांबू नका. गाडीने थेट खाली पवित्र खोऱ्यात, उरुबांबा किंवा ओयांतायतांबोला जा. ही गावं २८०० मीटरच्या आसपास आहेत. दोन रात्री तिथे, मग एक-दोन रात्री कुस्कोत, आणि त्यानंतर ट्रेक. मोराय, मारासची मिठागरं, पिसाक हे सगळं त्याच दिवसांत बसतं. पहिले दोन दिवस पोटभर जेवू नका, पाणी पीत राहा, आणि जावई सोबत असतील तर त्यांना सांगा की पिस्को सावर, म्हणजे तिथलं मद्याचं पेय, ट्रेकनंतर.

डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी बरेच जण घेतात. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा, आणि यजमानांच्या बीपीच्या गोळीचं नाव दाखवा. डॉक्टर हो म्हणाले तर त्यांच्या सल्ल्याने नाशकातच एक-दोन दिवस घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं. हे पहिल्यांदा तंबूत, रात्री दोन वाजता कळलं तर माणूस घाबरतो. आणि एक नियम तिघांनी पाठ करा. डोकेदुखीबरोबर उलट्या, झोकांडी जाणं, बोलण्यात गोंधळ, किंवा बसल्या जागीही धाप आणि खोकला, यातलं काही दिसलं तर वर जायचं नाही, खाली उतरायचं. सकाळपर्यंत वाट बघू, हा विचारही करायचा नाही. कंपनी तब्येतीचा फॉर्म भरून घेते. त्यात बीपी लपवू नका. यजमान लपवतील, म्हणून त्यांचा फॉर्म तुम्ही भरा.

कोकाच्या पानांचा चहा तिथे हॉटेलात सर्रास मिळतो, तळावर सकाळी तंबूच्या दाराशी आणून देतात. खुशाल प्या, बरं वाटतं. पानं किंवा चहाच्या पुड्या मात्र आठवण म्हणूनसुद्धा बॅगेत टाकू नका. अमेरिकेत बंदी आहे, आणि आपल्याकडे तर कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्यात येतं.

तुमच्या स्वतःच्या तयारीची मला फारशी काळजी नाही. रोज तासभर चालणारी बाई सात-आठ महिन्यांत या ट्रेकला तयार होते. फक्त सपाटीवरचं चालणं कमी करा आणि पायऱ्या वाढवा. ब्रह्मगिरी आता महिन्यातून दोनदा, वणीच्या पायऱ्या अधूनमधून, पाठीवर पाच-सहा किलो घेऊन. चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष द्या: सावकाश, गुडघा किंचित वाकलेला, पाऊल न आपटता. फेब्रुवारीपासून शनिवार-रविवार सलग चाला, कारण दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी उठून चालणं हीच खरी तयारी आहे. एप्रिल-मेच्या उन्हात पहाटे निघा. बूट आत्ताच घ्या आणि तिथे जाईपर्यंत जुने करा. दोन काठ्या घ्या, टोकांना रबरी टोप्या हव्यात. नुसत्या लोखंडी टोकाच्या काठ्या त्या दगडांवर चालत नाहीत.

जून म्हटलं की आपल्याला छत्री आठवते. तिथे जून म्हणजे कोरडा हिवाळा. दिवसा चटका लावणारं ऊन, रात्री पाकायमायोला पारा शून्याजवळ. जाड स्लीपिंग बॅग भाड्याने मिळते, ती घ्या. कानटोपी आणि हातमोजे घरून न्या. २४ जूनला कुस्कोत इंती रायमीचा, म्हणजे इंकांच्या सूर्यदेवाचा, मोठा उत्सव असतो. बघण्यासारखा आहे, पण त्या आठवड्यात हॉटेलांचे दर वाढतात, त्यामुळे तारखा ठरवताना बघून घ्या.

कागदपत्रांत घाई करू नका, पण उशीरही नको. या वाटेवर दिवसाला ५०० माणसांनाच सोडतात आणि त्यात गाईड, स्वयंपाकी, पोर्टर सगळे धरलेले असतात. प्रत्यक्ष ट्रेकर्सच्या वाट्याला साधारण २०० येतात. जूनच्या जागा महिनोन् महिने आधी संपतात. स्वतंत्र जाता येत नाही, परवानाधारक कंपनीमार्फतच जावं लागतं. परमिट नावावर आणि पासपोर्ट नंबरवर निघतं आणि ते बदलून दुसऱ्याला देता येत नाही. चौकीवर पासपोर्ट हातात घेऊन अक्षर न् अक्षर ताडून बघतात. तुमच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे असेल तर तसंच्या तसं कळवा.

यजमानांचा पासपोर्ट ऑगस्टमध्ये संपतो म्हणजे जूनमध्ये जेमतेम दोन महिने उरतात. असा पासपोर्ट घेऊन निघायचंच नाही. उद्याच नूतनीकरणाचा अर्ज करा, गरज पडली तर तत्काळ. नवा नंबर आला की मगच त्यांचं बुकिंग. तुमचा नंबर आजच पाठवता येईल, तुमच्या परमिटसाठी त्यांचं थांबायला नको. जुना पासपोर्ट फेकू नका, अमेरिकेचा व्हिसा त्याच्यात असेल. निदान सहा महिने मुदत उरलेला अमेरिकेचा व्हिसा असला की भारतीयांना पेरूत पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. तरी निघण्यापूर्वी दिल्लीतल्या पेरूच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर नियम पुन्हा एकदा बघून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी अमेरिकेतल्या मुलांना हमखास माहीत नसते. पेरू हा पिवळ्या तापाच्या यादीतला देश आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर लसीचं प्रमाणपत्र मागतात आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. साठीनंतर ही लस देताना डॉक्टर सावध असतात, आणि तुमचे यजमान ६३ चे आहेत. सर्वांत सोपं म्हणजे पेरूहून न्यू जर्सीला परत या, आठ-दहा दिवस लेकीकडे राहा आणि मग घरी. ट्रेकनंतर अमेझॉनच्या जंगलाचा बेत शिजत असेल तर मात्र लसीबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला. प्रवासविमा काढताना किती मीटर उंचीपर्यंतचा ट्रेक त्यात धरलाय ते बारीक अक्षरांत शोधा. बऱ्याच पॉलिसी ४२१५ मीटरच्या बऱ्याच खाली थांबतात.

राहता राहिला सामानाचा प्रश्न. यजमानांना संकोच वाटतो, त्यात वाईट काही नाही. पण तंबू, गॅस, भांडी, शिधा पोर्टर नेतातच, तुम्ही नको म्हटलं तरी. त्यात तुमची सहा-सात किलोची बॅग वाढली तर कुणाला तरी त्या दिवसांचा रोजगार मिळतो. बहुतेक पोर्टर आसपासच्या, केचुआ या तिथल्या मूळ समाजाच्या गावांतले शेतकरी आहेत. २००१ सालापासून त्यांच्यासाठी कायदा आहे आणि ओझ्याला २० किलोची मर्यादा आहे. ८२ व्या किलोमीटरच्या चौकीवर एकेका गाठोड्याचं वजन होतं. रांगेत उभं राहून ते जरूर बघा. काटा सरकला की एखादा पोर्टर मुकाट्याने दोरी सोडतो आणि बटाट्याची पिशवी शेजाऱ्याच्या गाठोड्यात जाते. संकोच खरा असेल तर तो कंपनी निवडताना दाखवा. पोर्टरांना झोपायला तळ असलेला तंबू देता का? त्यांचं जेवण वेगळं शिजतं का आमच्या उरलेल्यावर भागवतात? मजुरी किती? लेकीला हे विचारायला लावा. चांगल्या कंपन्या सरळ उत्तर देतात. माणशी ७०० डॉलरच्या बरंच खाली कुणी दर सांगत असेल तर ती बचत बहुधा पोर्टरच्या ताटातून आलेली असते. बक्षिसी शेवटच्या संध्याकाळी, सुट्या सोलच्या (तिथल्या चलनाच्या) नोटांत, हातात द्या. चौथ्या दिवशी ती मंडळी पहाटेच तंबू आवरून गाडी पकडायला उतरून गेलेली असतात.

तळावरच्या संडासांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते: उकिडवं बसायचे आहेत, म्हणजे आपल्याला सवयीचे, स्वच्छता मात्र बेताची. काही कंपन्या स्वतःचा छोटा शौचालय-तंबू नेतात. शंभरेक डॉलर जास्त पडले तरी ती कंपनी घ्या.

शाकाहाराची चिंता सोडा. किन्वाचं सूप, भात, मका, भाज्या, अंडं चालत असेल तर ऑम्लेट, आणि बटाट्याचे इतके प्रकार की उपासालाही अडचण नाही. स्वयंपाकी त्या एवढ्याशा तंबूत स्टोव्हवर पातेल्यात केकसुद्धा करतात. गडबड होते ती एकाच ठिकाणी. 'शाकाहारी' सांगितलं की मांसाचे तुकडे काढतात, पण सूप कोंबडीच्या पाण्याचंच असतं. म्हणून बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा, आणि पहिल्या जेवणाआधी स्वयंपाक्याला स्वतः स्पॅनिशमध्ये सांगा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन काल्दो दे पोयो.' शेवटचे शब्द त्या पाण्याबद्दलचे आहेत, ते गाळू नका. मेतकूट आणि लिंबाचं लोणचं नीट सीलबंद करून न्या. अमेरिकेत आणि पेरूत उतरताना खाण्याचे पदार्थ जाहीर करावे लागतात, तेवढं विसरू नका.

लेकीला आज फोन कराल तेव्हा तुमचा पासपोर्ट नंबर द्या, आणि १०४ व्या किलोमीटरच्या एका जागेचं काय होतंय ते कंपनीला विचारायला सांगा. यजमानांशी बोलणं त्याच्या आधी झालं तर उत्तम. नाही झालं तरी तुमचा नंबर जाऊ द्या.